प्रेसमडचा गॅस: सोलापुरात गणित कुठे बसतं, कुठे फसतं

सौर आणि पवन वीज वाढली की नैसर्गिक वायूचं गिऱ्हाईक घटणार, असं म्हणतात. तसं झालेलं नाही. थंड पडलेत ते वायूवरचे वीजसंच: 2024 मध्ये सुमारे 25,000 मेगावॉट, दाभोळही त्यातच. त्या उन्हाळ्यात केंद्राने वीज कायद्याचं कलम 11 लावून ते चालवायला सांगितले. एरवी परवडत नाहीत, कारण देशातला जवळपास निम्मा वायू एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव, होऊन परदेशातून जहाजाने येतो. खरी मागणी खत कारखाने, गाड्या, बॉयलर आणि स्वयंपाकघरातली.

माढा, पंढरपूर, माळशिरसकडे तोच वायू साखर कारखान्यामागच्या ढिगात पडून असतो. 100 टन उसामागे 3 ते 4 टन प्रेसमड, म्हणजे उसाचा रस साफ करताना उरणारा गाळ, निघतो आणि 25-30 टन प्रेसमडमागे साधारण 1 टन सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस. रोज 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्याचे झाले 5 ते 8 टन. कागदावर.

गाळप चालतं चार-पाच महिने, डायजेस्टरला, म्हणजे गॅस बनवणाऱ्या बंद टाकीला, मात्र बारा महिने खायला लागतं. उघडा ढीग आतून तापतो, वाफा सोडतो आणि गॅस देणारा सेंद्रिय भाग तिथेच जळून जातो. काँक्रीटच्या खड्ड्यात लोडरने थर दाबून वर ताडपत्री घट्ट बांधली तरच माल टिकतो. खर्च कापायचा म्हटलं की पहिली कात्री नेमकी इथेच लागते.

हार्वेस्टरच्या उसाबरोबर माती जास्त येते. ती तळाशी बसून टाकीची जागा खाते. उसातलं मेण वर साय धरतं, म्हणून ढवळणी वरच्या थरापर्यंत पोचली पाहिजे. सल्फिटेशनच्या, म्हणजे गंधकाच्या धुराने रस साफ करणाऱ्या, कारखान्यातल्या प्रेसमडमध्ये गंधक असतं, त्यातून हायड्रोजन सल्फाइड वाढतो आणि कॉम्प्रेसर गंजतो. बायोगॅसच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस 16087) मिथेन किमान 90 टक्के आणि हायड्रोजन सल्फाइड घनमीटरमागे 20 मिलिग्रॅमच्या आत हवा. त्यामुळे आधी गंधक काढायचं, मग कार्बन डायऑक्साइड.

विक्रीची बाजू आता बरी आहे. शहर गॅस कंपन्यांना सीबीजी मिसळणं 2025-26 पासून 1 टक्का बंधनकारक झालं, 2028-29 पासून ते 5 टक्के होईल. पण 250 बार दाबाच्या कॅस्केडमध्ये, म्हणजे ट्रकवरच्या सिलिंडरांच्या संचात, गॅसपेक्षा पोलादच जास्त फिरतं. पंप लांब असला की डिझेल नफा खातं.

आणि प्रेसमड आता फुकट राहिलेला नाही. डिस्टिलरीला तो स्पेंट वॉशच्या (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याच्या) कंपोस्टसाठी हवा, शेतकऱ्याला रानात टाकायला. करार हंगामाआधीच करावा, आणि भाव ओल्या टनावर नको: त्यात 70-75 टक्के पाणीच असतं. कोरड्या मालावर ठरवावा, ट्रकगणिक नमुना काढून.