बटण मी लावलं आणि प्रात्यक्षिक परत द्यावं लागलं

चौदा वर्षं वॉर्डात काढल्यावर वाटायचं, म्हाताऱ्या माणसांचं करणं मला आता कोण शिकवणार? वार्धक्य परिचर्येच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं, ते खरं सांगायचं तर रात्रपाळ्या सुटतील म्हणून.

पहिलं प्रात्यक्षिक एका आजोबांच्या घरी. कॅट्झ निर्देशांक भरायचा होता. रोजची कामं माणसाला स्वतःची स्वतः जमतात का, हे बघणारी ही साधी तपासणी १९६३ पासून वापरात आहे. कामं सहा: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंग-खुर्चीवरून उठबस, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. जमलं तर १ गुण, नाही तर शून्य. आजोबा शर्ट घालत होते. तिसऱ्या बटणापाशी त्यांची बोटं अडखळली आणि माझा हात आपसूक पुढे गेला. बाहेर आल्यावर मॅडमनी विचारलं, "कपड्यांच्या रकान्यात आता काय लिहिणार? त्यांना जमतं की नाही, हे तुम्ही कळूच दिलं नाहीत."

राग आला. वॉर्डात मागे पंधरा पेशंट खोळंबलेले असताना बटणाची वाट कोण बघत बसतं? तिथे हात चालणारी सिस्टर ती चांगली. पण मग आठवलं, चालत आलेली कितीतरी माणसं आमच्याकडून व्हीलचेअरवर घरी गेली होती.

पुढचे महिने बघायला शिकण्यातच गेले. चालण्याची एक चाचणी असते: म्हाताऱ्या माणसाने खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत यायचं, बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायचा. मी आधी नुसतं घड्याळ बघायची. हळूहळू कळलं की खरी माहिती वळताना मिळते. पावलं बारीक होतात, हात भिंत शोधतो.

एक आजी दोनदा पडल्या होत्या, दोन्ही वेळा पहाटे पलंगावरून उठताना. घरच्यांनी वयावर ढकललं. मी आडवं झोपवून पाच मिनिटांनी बीपी घेतलं, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. उभं राहिल्यावर बीपी पडतं असं म्हणायला वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तरी पुरतं, इथे वरचा २६ ने उतरला. (वॉर्डात मी उभं करून बीपी कधी घेतलं होतं? आठवत नाही.) मग म्हटलं, "आजी, घरातल्या सगळ्या गोळ्या आणा." पिशवीतून नऊ पाकिटं निघाली. त्यातली दोन एकाच औषधाची, नावं वेगळी, लिहून देणारे डॉक्टरही वेगळे. गोळी बंद करणं नर्सच्या हातात नसतं. आकडे आणि यादी चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांकडे पाठवलं. डोस बदलला. उठण्याआधी पलंगाच्या कडेला थोडा वेळ बसायची सवय मात्र मीच लावली.

लेखी परीक्षेचं फार सांगण्यासारखं नाही. निरोगी वार्धक्याचं दशक २०२१ ते २०३०, हे पाठ केलं, लिहिलं. एक व्याख्या तेवढी डोक्यात राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी निरोगी वार्धक्य म्हणजे आजार नसणं नव्हे. माणसाला जे मोलाचं वाटतं ते करता येणं.

वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी घेतलेलं पहिलं सत्र फसलं. मी तक्ते लावून व्याख्यान दिलं, निम्मे पेंगले. दुसऱ्या वेळी तक्ते घरी ठेवले, खुर्चीच्या पाठीला धरून एका पायावर उभं राहायला लावलं. चक्क पैजा लागल्या. तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी हवेत, हे मग गळी उतरवावं लागलं नाही.

प्रात्यक्षिक परत दिलं ते त्याच आजोबांसमोर. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. चौथ्या बटणाला ते थांबले. "सिस्टर, सारखं घड्याळाकडे बघू नका हो, त्यानेच चुकतं."

घड्याळ काढून खिशात टाकलं.