नोटपॅडमध्ये पाटणादेवी

गणिताच्या मॅडमनी वेबपेज कशाला शिकवायचं, असं स्टाफरूममध्ये मला बऱ्याच जणांनी विचारलं. नववीचे प्रकल्प दरवर्षी तेच असतात: कार्डशीट, स्केचपेनची बॉर्डर, दुकानातून आणलेली चित्रं आणि कुठून तरी उतरवलेला मजकूर. परीक्षा झाली की सगळं रद्दीत जातं. यंदा विषय होता ‘आपला परिसर’. चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटरवर पाटणादेवी. जुने गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, अशी नोंद असलेला शिलालेख तिथलाच. तो विषय मी सुचवला आणि वेबपेज करायचं मुलांनी ठरवलं. वेबपेज ज्या कोडमध्ये लिहितात ते एचटीएमएल मला येत नव्हतं, त्यांनाही नाही.

आमच्या लॅबमधलं नेट असून नसल्यासारखं. पण पान बनवायला नेट लागतच नाही, हे कळलं आणि माझी निम्मी भीती गेली. नोटपॅडमध्ये लिहा, फाइल सेव्ह करा, तिच्यावर डबल क्लिक करा, ब्राउझरमध्ये पान उघडतं. मग रात्री घरी मोबाइलवर एखादा धडा बघायचा आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मुलांबरोबर करून पाहायचा, असं सुरू झालं. मथळ्याला एच-वन, परिच्छेदाला पी, चित्राला आयएमजी, दुसऱ्या पानावर जायला ए. ब्राउझरला काय कसं दाखवायचं ते सांगणाऱ्या या खुणा म्हणजे टॅग. एवढ्या टॅगांवर शाळेचा प्रकल्प उभा राहतो. कोड अवघड नाही. धडे सगळे इंग्रजीतले आणि आमच्या अडचणी मराठीच्या, तिथे खरा वेळ गेला.

त्याआधी एक अडचण मात्र सगळ्यांचीच. फाइलला नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल दिलं, तरी उघडली की नुसता कोडच दिसायचा. माझा एक जुना विद्यार्थी आता जळगावला कॉम्प्युटर शिकतो. त्याला फोन लावला, तर म्हणाला, “मॅडम, विंडोज शेवटचं डॉट टीएक्सटी लपवतं. व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शनवर टिक करा.” टिक केल्याबरोबर ते दिसलं आणि आम्ही खोडलं.

मग मराठी. माझ्या लॅपटॉपवरचा नवा ब्राउझर अंदाज बांधून अक्षरं नीट दाखवायचा. लॅबमधल्या जुन्या मशीनवर मात्र ‘पाटण’ लिहिलं की डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा यायचा, मधे कसल्या तरी खुणा आणि शेवटी चक्क पौंडाचं चिन्ह. पहिल्या बाकावरच्या मुलीने ती चिन्हं मोजली. बारा भरली. ‘पाटण’ची अक्षरं तीन, म्हणजे एका अक्षराची चार चिन्हं, असं तिने जाहीर केलं. मी म्हटलं, आता ‘देवी’ लिहून बघ. अक्षरं दोन, चिन्हं पुन्हा बाराच! वर्ग गप्प. थोड्या वेळाने मागून एकजण म्हणाला, “मॅडम, काना-मात्रा वेगळे मोजत असतील.” बरोबर होतं. प, काना, ट, ण हे चार. द, मात्रा, व, वेलांटी हेही चार. यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं कॉम्प्युटरमध्ये आकड्यांत साठवायची एक पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन घरं घेतं, म्हणून चार त्रिक बारा. जुना ब्राउझर एकेक बाइट सुटा वाचून त्याचं वेगळं अक्षर छापत होता. प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच, म्हणून तो ए सारखा येत होता. तासभर गणितच झालं म्हणा ना!

उपाय दोन ओळींचा. पानाच्या कोडच्या वरच्या भागात, हेडमध्ये, मेटा चारसेट यूटीएफ-८ लिहायचं आणि नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे साठवायची पद्धतही, यूटीएफ-८ निवडायचं. जुन्या नोटपॅडमध्ये तिथे आधीपासून एएनएसआय ही मराठी न मावणारी जुनी पद्धत निवडलेली असते. तसंच सेव्ह केलं की मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि फाइल बंद केल्यावर मजकूर परत मिळत नाही. दुसरं, शाळेच्या जुन्या स्मरणिकेची फाइल डीटीपीवाल्याच्या फॉन्टमधली होती, सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमधली नव्हती. तिथून उचललेलं पानावर निव्वळ अगम्य दिसतं. मुलांनी तो मजकूर मोबाइलवर बोलून टाइप केला आणि ऱ्हस्व-दीर्घ नंतर हाताने सुधारलं.

सजावटीतही तेच. इंग्रजी धडा सांगतो, मथळा भारदस्त दिसायला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवा. मराठीत तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि अक्षरं एकमेकांपासून फारकत घेतात. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, मात्र वाढवायचीच. १.६ ठेवली तेव्हा वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा भिडायच्या थांबल्या. रंग निवडण्यात मुलांनी घालवलेल्या वेळाबद्दल न बोललेलं बरं.

फोटो हे वेगळंच प्रकरण. एकाने हेमाडपंती मंदिराचा सुरेख फोटो लावला, पेन ड्राइव्हवर पान दुसऱ्या मशीनवर नेलं आणि ओरडला, “मॅडम, मन्हा फोटो कोठे गया?” फोटो त्याच्या मशीनच्या डी ड्राइव्हलाच होता आणि पानात तिथला पूर्ण पत्ता. तेव्हापासून नियम केला: पान आणि फोटो एकाच फोल्डरमध्ये, आणि कोडमध्ये फोटोचं फक्त नाव. नावं इंग्रजीत, छोट्या लिपीत आणि मधे जागा न सोडता. विंडोज कॅपिटल-स्मॉल फरक मानत नाही, पण नेटवरचे बहुतेक सर्व्हर मानतात. मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो पेंटमध्ये ८०० पिक्सेल रुंद केला की पान पटकन उघडतं.

मला सगळ्यात आवडलेलं पान ‘लीलावती’चं. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला आणि लीलावती त्याचाच भाग. त्यातलं भुंग्यांचं गणित मुलांनी घेतलं: थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाची तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा हवेतच घुटमळतोय, तर एकूण भुंगे किती? उत्तर लपवायला जावास्क्रिप्ट ही आणखी एक कोडची भाषा शिकावी लागेल, या धास्तीत मी होते. पण डिटेल्स आणि समरी हे साधे टॅग निघाले. ‘उत्तर पाहा’वर बोट ठेवलं की खाली पंधरा उलगडतं. प्रदर्शनात पालकांची गर्दी याच पानाशी. एक आजोबा तर ‘आधी तोंडी करू द्या’ म्हणून मुलांना माउसला हात लावू देईनात.

पालकांना मोबाइलवर बघायचं होतं म्हणून नंतर पानं गिटहब पेजेस या साइटवर फुकटात चढवली, खातं माझं. अक्षरं मुंगीएवढी दिसत होती. पान मोबाइलच्या रुंदीत बसवणारी मेटा व्ह्यूपोर्टची ओळ घातल्यावर वाचता आली. मुलांची पूर्ण नावं आणि चेहरे मी नेटवर टाकू दिले नाहीत. त्यावरून दोन पालक नाराज झाले. होऊ देत. पेन ड्राइव्हच्या प्रतीत नावं आहेत, ती घरोघरी दिली.

तयार साच्यांच्या साइटवर हेच काम एका दुपारी झालं असतं, असं आमचे एक सर अजून ऐकवतात. झालं असतं. पण ते बारा चिन्हांचं गणित तिथे निघालं नसतं.

आता आठवीच्या मुलांना छायाचित्रकार केकी मूस यांच्यावर पान करायचंय. त्यांचं घर आमच्या चाळीसगावातच. मुलं नेटवरून त्यांनी काढलेली छायाचित्रं गोळा करून बसली होती. मी ती बाजूला काढायला लावली: आधी त्यांच्या कलादालनात जाऊन परवानगी विचारा, तोवर मजकूर लिहा. अर्ज मुलांनी नोटपॅडमध्ये लिहिलाय. यूटीएफ-८ मध्ये.