डायनो पॉवर मोजत नाही, टॉर्क आणि आरपीएम मोजतो

डायनोवर, म्हणजे इंजिनची ताकद तपासायच्या यंत्रावर, इंजिन चढवलं की बाजूला उभे असलेले सगळे एकच विचारतात, पॉवर किती आली? पण डायनो पॉवर मोजतच नाही हो, तो मोजतो टॉर्क (शाफ्टला फिरवणारा जोर) आणि आरपीएम (मिनिटाला किती फेऱ्या), आणि न्यूटन मीटरमधल्या टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट मिळतात. म्हणजे दोनपैकी एक आकडा चुकला की पॉवर चुकलीच, आणि स्क्रीनवर बघून ते कळत नाही.

माझ्या बाबतीत झालेलं सांगतो. सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोक इंजिन, टॉर्क ३० न्यूटन मीटर, आरपीएम मीटरवर ६०००, पॉवर १८.८ किलोवॅट. आकडा बघून सगळे खूश, पण मला आवाज पटेना, ६००० ला इंजिन असं वाजत नाही. मीटर प्लगच्या वायरवरून स्पार्क मोजत होता. फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक स्पार्क लागतो म्हणून मी सेटिंग तसं ठेवलेलं, पण हे इंजिन दर फेरीला स्पार्क देत होतं, एक कामाचा आणि एक एक्झॉस्टच्या वेळी फुकट जाणारा. फ्लायव्हीलवर चमकणारी पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोने, म्हणजे प्रकाशाने फेऱ्या मोजणाऱ्या मीटरने, बघितलं तर ३०००. खरी पॉवर ९.४!

तेव्हापासून स्पार्कवर विसंबत नाही. शाफ्टवर ६० दात्यांचं चाक आणि समोर मॅग्नेटिक पिकअप (प्रत्येक दात्याला एक पल्स देणारा सेन्सर), हे मला सगळ्यात आवडतं, कारण सेकंदाला जितके पल्स तितकेच आरपीएम, गुणाकार भागाकार काहीच नाही. स्ट्रोबोस्कोप, म्हणजे ठरावीक वेगाने लुकलुकणारा दिवा, वापरत असाल तर जपून, लुकलुकण्याचा वेग खऱ्या स्पीडच्या निम्मा किंवा एक तृतीयांश असला तरी शाफ्टवरची खूण स्थिरच दिसते. लुकलुकण्याचा वेग वरून खाली आणत जायचं, जिथे पहिल्यांदा एकच खूण स्थिर दिसते तो खरा स्पीड.

टॉर्कचं तत्त्व जुनंच आहे. प्रोनी या फ्रेंच इंजिनिअरने १८२१ मध्ये फिरत्या शाफ्टवर लाकडी ठोकळे आवळले, त्यांना लांब दांडा लावला आणि दांडा फिरू नये म्हणून टोकाला किती वजन लागतं ते बघितलं. आजच्या एडी करंट डायनोमध्ये घर्षणाच्या जागी चुंबकीय क्षेत्र आलं आणि वजनाच्या जागी लोड सेल (बल मोजणारा सेन्सर), पण डायनोची बॉडी बेअरिंगवर मोकळी आणि आर्म, म्हणजे तोच दांडा, लोड सेलला टेकलेला हे तसंच आहे, बल गुणिले आर्मची लांबी.

खरी मेहनत आहे कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे माहीत असलेल्या वजनाने रीडिंग तपासण्यात. १ मीटरच्या आर्मला १० किलो टांगलं की ९८.१ न्यूटन मीटर दिसायला हवं, आणि आर्म अगदी आडवा हवा, १० अंश कलला तरी दीड टक्का गेला. वजनं चढवताना रीडिंग घ्या तसंच उतरवतानाही घ्या, दोन्हीत फरक आला तर बॉडीची बेअरिंग अडकतेय समजा. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात, डायनो थंड ठेवणाऱ्या पाण्याचे होज (पाइप). पाणी बंद असताना झिरो केलं आणि मग पाणी सुरू केलं की होज ताठ होऊन बॉडीला किंचित ढकलतात, इंजिन बंद असताना स्क्रीनवर अर्धा-एक न्यूटन मीटर टॉर्क! छोट्या इंजिनला ती चूक चांगलीच जाणवते, त्यामुळे मी पाणी सुरू करून, होज हाताने हलवून, मगच झिरो करतो.