फुटलेल्या चित्राचा हिशोब

आमच्या मालवण तालुक्यातील घरात पावसाळा लागला की टीव्हीवरचे चित्र फुटू लागते. पाऊस दाट झाला की उपग्रहाकडून येणाऱ्या कु-बँडच्या लहरी थेंबांमध्येच क्षीण होतात, छपरावरच्या छत्रीपर्यंत पोहोचणारी माहिती अपुरी पडते आणि बातम्या सांगणाऱ्या माणसाचा अर्धा चेहरा चौकोनांमध्ये विखुरतो, तर उरलेला अर्धा मागच्याच क्षणात अडकून राहतो. आई अशा वेळी "चित्र फुटला बघ परत" एवढेच म्हणते आणि लसूण सोलायला घेते. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो, तरीही कित्येक वर्षे त्या फुटलेल्या चित्राकडे मी केवळ बिघाड म्हणूनच पाहिले. दोन वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी मात्र त्या चौकोनांचा आकार सर्वत्र सारखाच का असतो, हा साधा प्रश्न मला पडला आणि त्याच्या उत्तराच्या मागे लागून मी ग्लिच आर्टपर्यंत, म्हणजे बिघाडातूनच चित्र घडवण्याच्या कलेपर्यंत, पोहोचलो.

या कलेची वंशावळ शोधताना पहिले नाव भेटले ते कोरियन वंशाचे व्हिडिओ-कलावंत नाम जून पाइक यांचे. १९६५ मध्ये त्यांनी चालू टीव्हीवर एक मोठे लोहचुंबक ठेवले आणि पडद्यावरचे चित्र वाकवून दाखवले. तेथे बिघाड बाहेरून आणलेला होता. फाइलच्या आतच हात घालण्याची पद्धत, जिला डेटाबेंडिंग म्हणतात, ती पुढची. डच कलावंत आणि अभ्यासक रोझा मेंकमन यांनी एकच छायाचित्र वेगवेगळ्या फाइल-प्रकारांत साठवून, प्रत्येकात सारखीच मोडतोड करून, प्रत्येक प्रकार कसा वेगळ्या तऱ्हेने फुटतो याची नोंद केली आहे. त्यांचे ते काम पाहिल्यावर आपणही हीच वाट धरावी असे मला वाटले, कारण मला आयते परिणाम देणारे फिल्टर नको होते. चित्र कोठे आणि का फुटते हे समजून घ्यायचे होते.

पहिल्या प्रयोगासाठी चिवल्याच्या किनाऱ्यावर वाळूत ओढून ठेवलेल्या एका होडीचे छायाचित्र घेतले. होडी लहान होती, एका बाजूला तिची उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारा बाहेरचा लाकडी आधार, आणि मागे सपाट समुद्र. फाइलची प्रत काढली (मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा धडा मी एक चांगले छायाचित्र गमावून शिकलो होतो) आणि ती हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधला एकेक बाइट दाखवणाऱ्या आणि बदलू देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडली. छायाचित्रांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या जेपेग फाइलच्या आरंभी एफएफ डी८ आणि शेवटी एफएफ डी९ ही खूण असते. सुरुवातीच्या भागात चित्राची मापे आणि ते उलगडण्याचे तक्ते असतात, आणि त्यानंतर प्रत्यक्ष चित्राचा मजकूर सुरू होतो. पहिल्या दिवशी मी उत्साहाच्या भरात सुरुवातीचाच भाग खरवडला आणि सलग अकरा फाइली उघडेनाशा झाल्या. बाराव्या फाइलीत मजकुराच्या मध्यावरचा एकच बाइट बदलला आणि होडीच्या खालची सगळी वाळू जांभ्याच्या दगडासारखी लाल झाली.

एका बाइटने एवढे का व्हावे, हे समजायला मला आठवडा लागला. जेपेगमध्ये चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांत कापलेले असते आणि प्रत्येक चौकोनाची सरासरी छटा स्वतंत्रपणे लिहिलेली नसते. आधीच्या चौकोनापेक्षा ती किती कमी किंवा जास्त आहे, एवढेच लिहिलेले असते. जमाखर्चाच्या वहीत एका पानावरची बेरीज चुकली की पुढच्या प्रत्येक पानावर आणलेली मागील बाकीही चुकते, तसेच हे आहे. शिवाय हे आकडे कमी-अधिक लांबीच्या सांकेतिक खुणांनी एकापुढे एक दाटून लिहिलेले असल्याने एक खूण बिघडली की वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचे बोट काही काळ ओळीवरून सुटते, मग ते कोठेतरी पुन्हा लागते, पण तोवर चौकोन सरकलेले असतात. म्हणून वरच्या भागातला बाइट बदलला तर जवळजवळ सगळे चित्र हलते आणि खालच्या भागातला बदलला तर एखादी पट्टी. हे कळल्यानंतर मी अंदाजाने बाइट खरवडणे सोडले आणि क्षितिजाची ओळ फाइलमध्ये साधारण कोठे येते ते शोधून नेमके तेथेच बदल करू लागलो. उलगडण्याच्या तक्त्यांमधील एखादा आकडा वाढवला तर सगळ्या चित्रावर चटईच्या विणीसारखी नक्षी उमटते, हेही याच काळात सापडले. पीएनजी या दुसऱ्या फाइल-प्रकाराच्या वाटेला मात्र मी फारसा गेलो नाही, कारण त्या फाइलमध्ये प्रत्येक तुकड्याची पडताळणीसंख्या लिहिलेली असते आणि ती जुळली नाही की बहुतेक सॉफ्टवेअर चित्र दाखवतच नाहीत.

खरा आनंद दिला तो बीएमपीने. या प्रकारात चित्र दाबून बसवलेले नसते, प्रत्येक ठिपक्याचे निळा, हिरवा आणि तांबडा असे तीन बाइट सरळ ओळीत मांडलेले असतात. मी होडीचे चित्र १२०० बाय ८०० ठिपक्यांचे केले आणि ते ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कच्चा आवाज म्हणून उघडले. एका ओळीचे ३६०० बाइट, म्हणजे पूर्ण चित्राचे २८ लाख ८० हजार. सेकंदाला ४४,१०० बाइट या गतीने माझा समुद्र सुमारे ६५ सेकंद वाजला. बीएमपीमध्ये ओळी खालून वर लिहिलेल्या असल्यामुळे आधी वाळूचा खडखडाट ऐकू आला आणि शेवटी आकाश आले. दहावीतल्या दोन मुलांना त्या आकाशात बारीक शीळ ऐकू आली. मला ती आली नाही.

मग पहिले ५४ बाइट, म्हणजे फाइलचा मथळा, वगळून उरलेल्या आवाजाला एका सेकंदाचा प्रतिध्वनी दिला आणि फाइल पुन्हा चित्र म्हणून उघडली. होडीच्या अनेक फिकट प्रती एकावर एक वर चढत, उजवीकडे सरकत आकाशाकडे निघालेल्या दिसल्या. हा चमत्कार नव्हता, कारण ४४,१०० ला ३६०० ने भागले की सव्वाबारा येतात. म्हणून प्रत्येक प्रत बारा ओळी वर आणि पाव रुंदी, म्हणजे ३०० ठिपके, बाजूला. प्रतिध्वनीचा काळ असा निवडला की त्यातील बाइटांना तीनने भाग जात नाही, तर निळ्याच्या जागी हिरवा आणि हिरव्याच्या जागी तांबडा येऊन होडीची छाया भलत्याच रंगाची होते. पाढे आणि भागाकार यांचा चित्रकलेच्या तासाला इतका उपयोग होईल असे वर्गातल्या कोणालाही वाटले नव्हते, मलाही नाही.

अडचण आली ती जिल्ह्यातील एका छोट्या प्रदर्शनासाठी नऊ चित्रे छापायला दिली तेव्हा. छपाईच्या दुकानातील संगणकावर त्यांपैकी चार जेपेग उघडल्याच नाहीत, दोन उघडल्या त्या माझ्या घरी दिसत त्यापेक्षा अगदी वेगळ्या, आणि एकीचा फुटलेला भाग तेथील सॉफ्टवेअरने सरळ करडा करून टाकला. दुकानदार समजूतदारपणे म्हणाला, "सर, फाइल करप्ट झाली आहे, परत पाठवा." त्याला काय सांगणार? बिघडलेल्या फाइलचे पुढे काय करायचे हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या परीने ठरवते, त्यामुळे मी ज्याला माझे चित्र समजत होतो ते प्रत्यक्षात माझ्या फाइलचे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवरील एका सॉफ्टवेअरचे मिळून झालेले होते. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी कलावंत पोथीतील एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगतात, आणि तेच चित्र दुसऱ्या सांगणाऱ्याच्या हाती वेगळे होते. माझ्या फाइलींनाही असा सांगणारा लागतो, हे त्या दुकानात उभे असताना माझ्या लक्षात आले. शेवटी लॅपटॉपच्या पडद्यावर दिसणारे रूप जसेच्या तसे उतरवून, नव्या धडधाकट फाइलींत ठेवून छापून घेतले. छपाई उत्तम झाली, पण ती मूळ कामाची प्रतिमा होती आणि ते मनाला थोडे लागले.

डिजिटल कलेच्या भवितव्याविषयी बोलताना बहुतेक जण किमतीविषयी बोलतात. मार्च २०२१ मध्ये बीपल या अमेरिकी डिजिटल कलावंताची कलाकृती क्रिस्टीजच्या लिलावात ६ कोटी ९० लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली, तेव्हापासून माझे विद्यार्थीही मला तेच विचारतात. मला मात्र दुसऱ्याच एका प्रयोगाने विचारात पाडले. फुटलेल्या होडीचे चित्र मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या, जुनी छायाचित्रे सुधारून देणाऱ्या एका साधनाला दिले. काही सेकंदांत चौकोन गेले, लाल पट्टी गेली, समुद्र निळा आणि होडी नव्यासारखी झाली. फक्त तिची उलांडी नाहीशी झाली होती आणि त्या जागी चकचकीत पाणी भरले होते. ज्याने कोकणातली अशी होडी पाहिलेली नाही त्याला त्या चित्रात काही चुकले आहे असे कधीच वाटणार नाही. जेपेग चुकली तेव्हा तिने स्वतःची शिवण उघडी करून दाखवली होती; ही चूक मात्र इस्त्री करून आली. पुढच्या काळात डिजिटल चित्रांतील चुका बहुतेक या दुसऱ्या जातीच्या असतील, अशी माझी अटकळ आहे, आणि त्या दिसतील अशा कशा करायच्या यावर सध्या माझे काम चालू आहे. एकच छायाचित्र त्याच साधनातून लागोपाठ वीस वेळा काढून प्रत्येक फेरीत काय गळले आणि काय उगवले याची वही ठेवतो. सातव्या फेरीपासून वाळूत कोणाचे तरी छत्रीसारखे काही तरी उभे राहिले आहे.

तो जुना लॅपटॉप मी अद्ययावत करत नाही आणि इंटरनेटलाही जोडत नाही, कारण सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली तर माझी निम्मी चित्रे बदलतील. त्याची बॅटरी फुगल्याने काढून टाकली आहे, त्यामुळे वीज गेली की तोही बंद होतो. पावसाळ्यात दमटपणाने बुरशी येऊ नये म्हणून आम्ही कॅमेरे ज्या कपाटात बल्ब लावून ठेवतो, त्याच कपाटात खालच्या फळीवर तो ठेवला आहे, आणि झाकणावर कोणत्या चित्रासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरायचे याची चिठ्ठी चिकटवली आहे.