विंगरचा वेग ओसरतो तेव्हा

फुटबॉलमध्ये मैदानाच्या कडेने धावत आक्रमण करणाऱ्या विंगरची कारकीर्द किती टिकेल याचा अंदाज घ्यायचा असेल, तर गोलांच्या आकड्यांआधी त्याच्या हॅमस्ट्रिंगचा इतिहास बघा. ऐन वेगात पाय पुढे झेपावतो आणि टाच जमिनीला लागण्याच्या क्षणभर आधी मांडीमागचा हा स्नायू ताणलेला असतानाच ब्रेक लावत असतो. तो फाटतो बहुधा तिथेच. विंगर हे सामनाभर करतो: जागच्या जागी उभं राहून एकदम सुसाट, मग कचकन थांबणं, पुन्हा मागे धाव. पायात थकवा असला की धोका वाढतो.

खरं नुकसान मात्र घाईचं. दुखणं थांबलं म्हणजे स्नायू बरा झाला, असं समजून खेळाडू मैदानात उतरतो आणि काही आठवड्यांत तीच जागा पुन्हा जाते. सरावात पूर्ण वेगाच्या धावा अनेकदा, विनात्रास झाल्याशिवाय सामना खेळूच नये.

यावरचा नॉर्डिक व्यायाम दिसायला साधा आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं आणि शेवटी हातांवर पडायचं. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, ५-५ चे २ सेट. पाचव्या आठवड्यापर्यंत वाढवत नेऊन आठवड्यातून ३ दिवस, १२, १० आणि ८ असे ३ सेट. कंबरेत वाकलं की सगळा भार निघून जातो. पहिल्याच दिवशी जोर केला, तर पाय इतके भरून येतात की बरेच जण व्यायामच सोडून देतात, आणि हे फार वाईट.

वेग टिकला तरी तो एकटा पुरत नाही. पास घेताना पाठ टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, आणि चेंडू फुलबॅकपासून (समोरच्या संघाच्या कडेच्या बचावपटूपासून) लांबच्या पायावर घेतला, तर आत आणि बाहेर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. नेदरलँड्सचा विंगर आर्येन रॉबेन उजवीकडून आत येऊन डाव्या पायाने मारणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी अडवता येत नसे. प्रतिस्पर्ध्याचा भार एका पायावर गेला की रॉबेन नेमका त्याच क्षणी वळायचा. क्रॉसचंही, म्हणजे कडेने गोलसमोर दिलेल्या पासचंही, तसंच: शेवटच्या टचआधी मान वर हवी. गोलरेषेजवळ पोचल्यावर चेंडू उंच उडवण्यापेक्षा मागे, पेनल्टी स्पॉटच्या आसपास सरकवावा, कारण बचावपटू तेव्हा स्वतःच्या गोलकडे धावत असतात.

तिशीनंतर जागा बदलावी लागते, आणि ती वेळेवर बदलणारेच टिकतात. रायन गिग्ज १९९१ पासून २०१४ पर्यंत मँचेस्टर युनायटेडसाठी ९६३ सामने खेळला. तरुणपणी हॅमस्ट्रिंगने छळलेल्या या खेळाडूने योग धरला आणि पुढे मधल्या फळीत सरकून पासिंगवर खेळ उभा केला. हेसूस नवास २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विंगर म्हणून उतरला होता. २०२४ चा युरो जिंकणाऱ्या स्पेनच्या संघात तो ३८ व्या वर्षी राइट बॅक, म्हणजे उजवा फुलबॅक होता. या बदलात धावणं फारसं अडत नाही. अडते ती नजर: विंगरला चेंडूकडे बघायची सवय असते, आणि विरुद्ध बाजूने क्रॉस येताना दूरच्या पोस्टवर पाठीमागून घुसणारा माणूस त्याला दिसतच नाही. नव्या फुलबॅककडून गोल खाल्ला जातो तो बहुतेक वेळा तिथे.