तुम्ही विचारलंत म्हणून: पेवा ओळखायचा कसा?

ऑगस्ट लागला की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच फोटो दहा जणांकडून येतो. लाल कणसातून बाहेर आलेलं मोठ्ठं पांढरं फूल, मधे जरासं पिवळं, मागे चिखल, आणि खाली प्रश्न, "ताई, हा सोनटक्का आहे का?" कोणी रामटेककडून पाठवतं, कोणी देवलापारच्या रस्त्यावर गाडी थांबवून, आणि मी दर वेळी तेच टाइप करते की फूल राहू दे, आधी दांडा दाखव. समोरच्याला वाटतं ही बाई भाव खाते. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

हा पेवा. आपल्या जंगलातला, आपलाच. त्याला नाल्याकाठची सावली, कुजलेल्या पानांची माती आणि पावसाळाभर ओल लागते, त्यामुळे वर कोरड्या सागवनात फिरून शोधाल तर मिळायचा नाही, चप्पल खराब करून नाल्यात उतरलात तर मिळेल. उन्हाळ्यात तर तो नसतोच म्हणा, वरचं सगळं वाळून जातं, जमिनीत कंद तेवढा पडून राहतो, आणि पाऊस धरला की सप्टेंबरपर्यंत माणसाच्या उंचीचा होऊन बसतो.

आता दांडा का, तर माझी स्वतःची फजिती झाली होती म्हणून. बऱ्याच वर्षांपूर्वी जुलैमध्ये देवलापारकडे एका गावाबाहेरच्या नाल्यात आमचा रविवारचा ग्रुप गेला होता, फुलं अजून आली नव्हती, नुसती हिरवी झाडं, आणि मी सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात सांगितलं की ही रानहळद. सोबत एक वनमजूर होते, साठीचे असतील, ते काही बोलले नाहीत. गुरांनी मोडलेल्या एका दांड्याचं पान घेतलं, चुरगळलं, माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाले, "हळद राहिली असती त वास नसता का आला, बाई?" वास शून्य. नुसता हिरव्या पाल्याचा. मग त्यांनी दांडा वरून दाखवला, "हा पाहा, जिना चढून राह्यला."

खरंच जिना असतो तो. सोनटक्क्याची, आल्याची पानं दांड्याच्या दोन बाजूंना, एक इकडे एक तिकडे, पंख्यासारखी लागतात. पेव्याचं प्रत्येक पान आधीच्या पानापेक्षा थोडं वळून, पुढचं आणखी थोडं वळून, असं करत दांड्याला गोल वेढा घालत वर जातं, आणि शेंड्यावरून खाली बघितलं तर वाड्यातल्या गोल जिन्याच्या पायऱ्याच दिसतात. पान उलटं करून बोट फिरवा, खालून मखमलीसारखी लव लागेल. रानहळदीला असा पानांचा दांडाच नसतो, तिची पानं जमिनीतूनच वर येतात, आणि चुरगळलं की वास लपत नाही. बस, फूल नसलं तरी एवढ्यावर काम होतं.

पूर्वी याला आल्या-हळदीच्याच कुळात धरायचे, नंतर त्याच दोन गोष्टींसारख्या फरकांवरून, म्हणजे वास नाही आणि पानं गोल फिरतात, त्याचं कुळ वेगळं केलं. नावाचा घोळ मात्र आहे. जुन्या पुस्तकात कॉस्टस स्पेशिओसस सापडेल, २००६ साली त्याला चेइलोकॉस्टसमध्ये नेलं, आता हेलेनिया स्पेशिओसा म्हणतात, आणि मोबाइलमधलं अ‍ॅप क्रेप जिंजर म्हणेल. सगळा पेवाच.

क्रेप नाव मला आवडतं पण. फूल अगदी इस्त्री न केलेल्या क्रेपच्या दुपट्ट्यासारखं असतं, कडा चुण्या पडलेल्या. आणि मजा म्हणजे जी एवढी मोठी पांढरी पाकळी आपल्याला दिसते ती पाकळीच नाही, काम सोडून दिलेले पुंकेसर एकमेकांना जुळून तो ओठ बनलेला असतो, खऱ्या पाकळ्या मागे गुपचूप उभ्या. कामाचा पुंकेसर एकच, तोही चपटा, पाकळीचं सोंग घेतलेला. कणसातून रोज एखाद-दुसरंच फूल निघतं आणि एका दिवसात मलूल होतं, त्यामुळे फोटो सकाळीच काढा. सोनटक्का असता तर दोन हातांवरून घमघमाट आला असता, इथे नाक जवळ नेलं तरी फारसं काही नाही. फुलं संपली की कणीस लालभडक होतं, आत काळ्या बिया, त्यांना पांढरा गर चिकटलेला.

दुसरा प्रश्न हमखास मामे-काक्यांचा, "हेच का ते शुगरवालं?" नाही हो. नर्सरीत इन्शुलिन प्लांट म्हणून कुंडीत मिळतं ते याच कुळातलं आहे, त्याचीही पानं अशीच फिरतात, पण ते मूळचं ब्राझीलकडचं, जेमतेम दोन-तीन फूट उंच आणि फूल नारिंगी. पेवा पांढरा. फोटो बघून जंगलातलं पान चावायला लागू नका आणि गोळी तर अजिबात सोडू नका, ते डॉक्टरला विचारा, मला नाही. पेव्याच्या कंदात डायोस्जेनिन असतं, त्यापासून स्टेरॉइड औषधं बनवता येतात, म्हणून तो उपटलाही जातो, हे माहीत असल्यापासून मी नाल्याचं लोकेशन कोणाला पाठवत नाही. रागावू नका.

परवा नणंदेचा फोटो आला, नुसतं फूल. मी लिहिलं, दांडा दाखव. अर्ध्या तासाने दुसरा फोटो आला, त्यात निम्मी तिची चिखलात रुतलेली चप्पल, एका कोपऱ्यात दांडा, आणि त्यावर गोल फिरत गेलेली चार पानं. खाली लिहिलं होतं, "आता सांग, माझी चप्पल गेली." पेवाच होता.