मुदत नसलेली कैद

रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला कैदी म्हणजे कोण, हा प्रश्न फार काळ टाळता येत नाही, कारण कोठडीबाहेर ठेवलेल्या कैद्यांचा इतिहास या शहराच्या अंगावरच आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये मंडालेत पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले. त्याच्यावर खटला चालला नाही, त्यामुळे शिक्षाही सुनावली गेली नाही, आणि शिक्षाच नसल्याने ती संपण्याचा दिवसही कधी ठरला नाही. भाट्याच्या खाडीकडे पाहणारा, लाल दगडांचा राजवाडा त्याला मिळाला तो जवळजवळ पाव शतकानंतर, १९१० च्या सुमारास. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला आणि त्याची समाधीही इथेच आहे. पर्यटक राजवाडा पाहून राजाची बडदास्त चांगली होती असे म्हणतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

सावरकरांना १९२४ मध्ये याच जिल्ह्याची हद्द आखून देण्यात आली. अट पाच वर्षांची होती; ती वाढवत वाढवत १९३७ पर्यंत नेली गेली. या काळात त्यांनी येथे सामाजिक काम केले, पतितपावन मंदिर १९३१ मध्ये उभे राहिले, हे खरेच. तरीही आपली मुदत दुसऱ्याने परस्पर वाढवावी आणि आपण ती निमूटपणे ऐकावी, ही अवस्था कैदेचीच होय.

माझ्या मते कैदेचे मर्म भिंतीपेक्षा या मुदतीत आहे. शिक्षा झालेला कैदी निदान दिवस मोजू शकतो. कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही त्याला, तेही जमत नाही; त्याला फक्त पुढची तारीख मिळते, आणि भारतातील तुरुंगांत आज चारांपैकी सुमारे तिघे असे कच्चे कैदीच आहेत. त्यांतल्या काहींना जामीन मंजूर होऊनही केवळ जामीनदार न मिळाल्याने आत राहावे लागते, हे मला सर्वांत असह्य वाटते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा वगळता, कमाल शिक्षेचा अर्धा काळ, आणि पहिलाच गुन्हा असल्यास एक तृतीयांश काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्यासाठी तुरुंग अधीक्षकानेच न्यायालयाकडे सुटकेसाठी लेखी अर्ज करायचा असतो. एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांना मात्र हा लाभ नाही. आपापल्या जिल्ह्यात असे किती अर्ज वेळेवर गेले, हे नागरिकांनी विचारत राहायला हवे, कारण आत बसलेला माणूस ते विचारायला येऊ शकत नाही.